वाळवीसाठी तीन इंच

थर्मन साइझमोरला ते पत्र रोज दिसायचं, कारण पुस्तकात खूण म्हणून तो तेच वापरत होता. गावच्या बांधकाम खात्याने मार्चमध्ये विचारलं होतं: घराखालच्या पोकळीत ऊब धरणारे फोमचे तक्ते बसवून झाले असतील, तर तपासनीस कधी पाठवू? आता ऑक्टोबर सरत आला, टेनेसीच्या डोंगरात दव गोठायला लागलं, तरी उत्तर गेलं नव्हतं. आणि तपासनिसाची सही नाही तोवर नवा हीटर सुरू करता येत नव्हता.

थोरली बहीण ओडेसा हिवाळाभर राहायला म्हणून आली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा बॅग भरायला लागली.

"ही लाकडी जमीन आहे की बर्फाची लादी? माझे गुडघे बोलायला लागलेत. शनिवारी मी निघाले फ्लोरिडाला, लेकीकडे."

थर्मनला ती जायला नको होती. गेला हिवाळाभर तो फक्त मांजराशी बोलला होता, आणि शेवटी शेवटी मांजरही उठून जायचं.

"काम झालंय गं," तो पुटपुटला. "पण तपासनिसाने चूक काढली तर?"

"चूक काढायचाच पगार घेतो तो. जन्मभर ग्रंथालयात लोकांना गप्प बसवलंस, आता एका माणसाचं ऐकून घेववत नाही? दे ते नियमांचं पुस्तक. आधी मीच तपासते."

"तू खाली येणार?"

"मी वाचणार. रांगणार तू."

थर्मन टॉर्च घेऊन घराखाली रांगत गेला. वर ओडेसा खुर्ची ओढून बसली. नळाच्या पाइपाशेजारच्या फटीतून तिचा आवाज खाली येत होता.

"मातीवर प्लॅस्टिक?"

"अंथरलंय. कडाही चिकटवल्यात."

"हवेचे झरोके?"

"बंद."

"भिंतींना तक्ते?"

"खालपासून थेट वरपर्यंत. टाचणी शिरणार नाही."

वर पान उलटल्याचा आवाज आला. मग काठी आपटली.

"वरपर्यंत नाही रे शहाण्या. वरची तीन इंच भिंत उघडी ठेवायची. वाळवी चढायला लागली तर दिसायला नको?"

तो नियम थर्मनने वाचला होता. पण उघडी पट्टी पाहून कुणाला काम अर्धवट वाटेल, या धास्तीने त्याने ती झाकून टाकली होती.

"पाव कापायची सुरी दाराशी ठेवते," वरून आवाज आला.

दुपारभर तो पाठीवर पडून फोम कापत राहिला. केसांत, कानांत, मिशीत फोमचा भुगा.

"आहे का वाळवी?"

"नाही."

"मग कण्हतोस कशाला? मक्याचा पाव झालाय. सुरी धुऊन आण."

त्याने उत्तर लिहिलं: पट्टी चुकून झाकली होती, आता उघडली आहे, पूर्वेच्या बाजूला कापणी वाकडी झाली आहे, हे आधीच सांगतो, कधीही या.

सकाळी फाटकाजवळच्या टपालपेटीत पाकीट ठेवून, पत्र न्यायचं आहे हे पोस्टमनला कळावं म्हणून त्याने पेटीचं लाल निशाण वर केलं. चार पावलं गेला, परत आला आणि निशाण खाली केलं.

"वर कर," ओसरीवरून ओडेसा म्हणाली.

त्याने वर केलं. ती शाल गुंडाळून पेटीपाशी येऊन उभी राहिली, ती टपालाची गाडी येईपर्यंत हललीच नाही.

"एवढा पहारा?" पोस्टमन म्हणाला. "काय आहे यात?"

"माझा हिवाळा," ओडेसा म्हणाली.

पोस्टमनने पाकीट पिशवीत टाकलं, निशाण पाडलं आणि गाडी पुढे काढली.