इन्शिराहची घाई

इजिप्तमधल्या दमियातच्या बाजारात माझं बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मुलाच्या नावावरून सगळे मला उम्म वाएल म्हणतात, म्हणजे वाएलची आई. आमच्याकडच्या बायका वय जावांपासून लपवतात, वजन नवऱ्यापासून लपवतात. माझ्यापासून काही लपत नाही, टेप माझ्या हातात असतो. त्यामुळे माझी भावजय इन्शिराह हिच्या अंगाचं काय चाललंय, ते माझ्या भावाच्या आधी मला कळत होतं.

भाऊ रिफअत आणि ती, दोघं मिळून खुर्च्या करतात. लाकूड त्याच्याकडे, गादीकाम तिच्याकडे: स्पंज कापायचा, कापड ताणायचं, खिळे ठोकायचे, दिवसभर वाकून. अडतिसाव्या वर्षी तिचं वजन एकशे सव्वीस किलो झालं आणि साखर दारात येऊन उभी आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. इन्शिराह काही अर्ध्यावर सोडणाऱ्यातली नाही. भात बंद, पाव निम्मा. मिठाईचं ताट आलं की ही उठून बाल्कनीत. रोज सकाळी नदीकाठानं एवढ्या तरातरा चालायची की ओळखीच्या माणसाला सलाम करायलाही थांबत नसे. चौदा महिन्यांत एक्केचाळीस किलो उतरले. मनगटं दिसू लागली, गळ्याची हाडं दिसू लागली. छाती मात्र ओसरली ती नावाला, आणि जेवढी ओसरली तेवढी खाली उतरली.

दर महिन्याला ती दुकानात यायची. मी पडदा ओढायची, माप घ्यायची, आणि तिचा चेहरा उतरायचा.

"अहो उम्म वाएल, तुमचा टेप बिघडलाय."

"टेपला काय धाड भरलीय? बरगड्यांचा घेर कमी झाला, वरचं तसंच राहिलं. म्हणून पट्टा लहान लागतो आणि कप मोठा."

"म्हणजे मी बारीक होतेय आणि ही दोघं मोठी होतायत?"

"कागदावर तसंच दिसतं."

"मग कागद जाळा तुमचा."

हसण्यावारी न्यायची, पण मी तिचे खांदे पाहिले होते. पट्ट्यांनी दोन्हीकडे चर पाडलेले, बोटाचं पेर बसेल एवढे खोल. छातीखालची कातडी उन्हाळाभर लाल आणि ओली. हातोडी धरली की करंगळी बधिर व्हायची. एक दिवस झगा घालता घालता ती म्हणाली, "मी ऑपरेशन करून कमी करून घेणार."

"अगं, माझ्याकडे बायका स्पंज भरलेल्या ब्रा मागायला येतात!"

"मग माझ्यातलं काढून त्यांना वाटा."

मन्सूरा शहरातल्या दवाखान्यात मीच तिच्याबरोबर गेले. रिफअतला आम्ही पाठ दाखवायला जातोय असं सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. डॉक्टर मुफीदा शांत बाई. तपासलं, फोटो काढले, मूल हवंय का विचारलं. मग म्हणाल्या, "वजन अजून उतरतंय. आत्ता आकार दिला आणि आणखी दहा-बारा किलो गेले, तर सगळं पुन्हा सैल पडेल, कदाचित दुसऱ्यांदा टेबलावर यावं लागेल. वजन सहा महिने एका जागी राहू दे, मग या."

"आणि दुखतंय त्याचं काय?"

"दुखणं खरं आहे. अगदीच सोसवेना झालं तर आधीही करता येतं, पण मी सांगितलं ते पत्करून. तोवर मलम देते, खांद्यांचे व्यायाम देते."

परतीच्या मिनीबसमध्ये इन्शिराहला बसवेना. कधी खिडकी उघड, कधी लाव, पिशवी मांडीवर, पिशवी खाली.

"सहा महिने! ती स्वतः फळीसारखी सपाट आहे, तिला काय जातंय सांगायला?"

"हळू बोल, ड्रायव्हर ऐकतोय."

"ऐकू दे. समोर आरसा आहे त्याच्या, बघतोच आहे मघापासून."

ड्रायव्हरनं आरसा फिरवला. मी हसले, पण ती हसली नाही.

आठवड्याभरात तिनं दुसरा दवाखाना शोधून काढला. तिथल्या माणसानं वजनाबिजनाचं काही विचारलं नाही, सरळ पंधरा दिवसांनंतरचा मंगळवार दिला. मला सांगितलं ते शपथ घालून. "रिफअतला सांग," मी म्हटलं. "सांगेन," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

ते पंधरा दिवस ती एका जागी पाच मिनिटं टिकली नाही. एकाच खुर्चीची बैठक तिनं तीनदा उसवून तीनदा भरली. चालायला सकाळी जायची ती संध्याकाळीही जायला लागली. आणि डोक्यात एक भलताच हिशेब घेऊन बसली: सत्तरवर यायला उरलेले पंधरा किलो मंगळवारच्या आत उतरवले, तर पुढे सैल पडायला राहीलच काय? तिनं जेवणच सोडलं. काकडी आणि काळा चहा. मी ओरडले तर म्हणाली, "तुम्ही दुकान बघा."

सोमवारी दुपारी रिफअतचा फोन आला. इन्शिराह स्पंजाच्या ढिगावर कोसळली होती. मी पोचले तेव्हा शुद्धीवर येऊन कोचावर पडली होती, डॉक्टर येऊन सलाईन लावून गेला होता. रिफअत तिच्या पायाशी उभा होता आणि त्याच्या हातात दवाखान्याची चिठ्ठी होती. तिची औषधं शोधायला त्यानं तिची पिशवी उपडी केली होती.

"मला विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"काही नाही. घाबरलो असतो."

"तुझा तो चेहरा बघून मी थांबले असते. म्हणून नाही विचारलं."

"सतरा वर्षांत मी कधी चकार शब्द काढला का तुझ्या अंगाबद्दल?"

"नाही काढलास. पाठ तुझी दुखत नव्हती ना."

रिफअतनं चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मग माझंही कापणार का?"

त्यांची मुलगी नवारा शाळेतून येऊन तिथंच थबकली होती. पंधरा वर्षांची, बांध्यानं हुबेहूब आईवर गेलेली. दप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं.

"काय बोलतेस?" इन्शिराह उठून बसली.

"तुझ्यासारखंच आहे ना माझं? आणखी वाढेल. मग मलाही नेणार का तिकडे?"

दोन महिने ही पोर माझ्या दुकानात येत होती. मापापेक्षा लहान ब्रा मागायची, कधी एकावर एक दोन घालायची. "आत्या, आईला सांगू नकोस हं." मीही दिल्या. वाटलं, पोरवय आहे, जाईल. आता गप्प राहणं शक्य नव्हतं, मी सांगून टाकलं.

इन्शिराहनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तरी विकलंत?"

ती सलाईनची बाटली हातात धरून उठली, नवाराला घेऊन आतल्या खोलीत गेली. दार नीट लागलं नव्हतं. तिनं झग्याचा गळा खाली ओढून मुलीला खांद्यावरचे चर दाखवले.

"हात लाव. दुखतं ते इथं. म्हणून कापायचंय."

"फक्त म्हणून?"

इन्शिराहनं झग्याचा गळा वर ओढून घेतला.

"नाही," इन्शिराह म्हणाली. "मला ती आवडतही नाहीत. खोटं कशाला बोलू? पण ते माझं माझ्यापाशी. तुझं दुखत नाही ना? मग तुझ्यात कापण्यासारखं काही नाही. आणि दुखायला लागलं तर आधी मला सांगायचं. आत्याला नाही."

मंगळवारची वेळ तिनं त्याच दिवशी फोन करून रद्द केली. माझ्याशी तीन आठवडे अबोला होता. मग एका सकाळी नवाराला घेऊन आली आणि म्हणाली, "नीट माप घ्या हिचं. मी इथं उभी आहे." मी घेतलं. पोरीनं खांदे आवळून धरले होते. बरोबर मापाची घातल्यावर तिनं पोटभर श्वास घेतला. दोघींपैकी कोणी माझे आभार मानले नाहीत, आणि ते रास्तच होतं.

पुढचा काळ सोपा गेला म्हणून कोणी समजू नये. पुन्हा जेवायला लागली तसं वजन चार किलो वाढलं, तेव्हा तिनं काटा उचलून बाल्कनीत नेऊन ठेवला आणि तासाभरात परत आणला. दर आठवड्याला मुफीदाबाईंना फोन. व्यायाम करताना भिंतीला शिव्या. हिवाळा लागण्याआधीच वजन ब्याऐंशीवर येऊन जे बसलं ते हलेना. सत्तरचा हट्ट तिनं सोडला नाही, सत्तरनंच तिचा नाद सोडला. सहा महिने भरले तेव्हा वसंत आला होता. मन्सूराला जाताना या खेपेला रिफअतही होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्यानं सूर्यफुलाच्या बियांचं अख्खं पुडकं सोलून संपवलं.

ऑपरेशनमध्ये दोन्ही बाजूंचं मिळून दोन किलोला थोडं कमी निघालं. तिसऱ्या दिवशी पट्ट्या बदलताना इन्शिराहनं पाहिलं आणि रडायला लागली. टाके, सूज, काळंनिळं. "कुणाचं अंग आहे हे?"

"तुझंच," रिफअत म्हणाला. "सही तूच केलीस."

डाव्या बाजूला बधिरपणा राहिला, तो अजून आहे. मुफीदाबाईंनी तसं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं. पण करंगळीला मुंग्या येत नाहीत, उन्हाळ्यात कातडी सोलली नाही, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती पालथी झोपते.

कामावर परतल्यावर आठवड्याभरानं मी त्यांच्याकडे गेले. नवारा कोपऱ्यात अभ्यास करत होती. इन्शिराह खुर्चीच्या पाठीवर कापड ताणत होती, सरळ उभी राहून. तिनं कात्री खाली ठेवली आणि पोटावरची लोंबती कातडी झग्यावरून चिमटीत धरली.

"उम्म वाएल, या कातडीचं किती महिन्यांनी करतात? विचारून बघू या का?"

रिफअतची लाकडावरची पटाशी थांबली. नवारा वहीत तोंड खुपसून हसायला लागली. इन्शिराहही हसली, पण नजर माझ्यावरून हटवेना. तिला उत्तर हवं होतं.