आउटरला उभी तिकिटं

सोमवारी मंजिरीने आपल्या कामाचा डॅशबोर्ड घरच्या टीव्हीवर लावला, तेव्हा सासऱ्यांची, म्हणजे अच्युतरावांची, मॅच ऐन रंगात होती. सुनेचं कौतुक म्हणून ते गप्प बसले, एरवी त्यांच्या रिमोटला हात लावून बघावा कुणी!

इंदूर-सांवेर बसचं तिकीट मोबाइलवर काढायचं अ‍ॅप मंजिरीच्या कंपनीचं. त्यावर किती जणांनी तिकीट मागितलं, प्रत्येकाला किती वेळ लागला, किती तिकिटं फसली, हे दर दहा सेकंदांनी आपोआप नोंदवून त्याचा आलेख काढणं हे तिचं काम. सहा महिने ती कच्च्या नोकरीवर होती. शुक्रवारी बसमालक संताजीरावांना आकडे पटले तर करार टिकणार, आणि करार टिकला तर तिची नोकरी पक्की. आलेख तर काय, दृष्ट लागावी असा! सरासरी पाव सेकंद, सगळं हिरवंगार.

"पण बेटा, मला तर गेल्या बुधवारी तेवीस सेकंद लागले," अच्युतराव म्हणाले. दर बुधवारी ते सांवेरला मित्राकडे जात.

बाबा, फोन जुना झालाय तुमचा, असं मंजिरी बोलून गेली. झालं! चाळीस वर्षं रेल्वेत गाड्यांच्या वेळा टिपलेला माणूस, आणि त्याच्या मोजण्यावर शंका? दोन दिवस तिच्या हातच्या चहात त्यांना साखर कमी लागत राहिली.

बुधवारी पेन्सिल आणि मनगटी घड्याळ घेऊन ते सांवेरच्या स्टँडवर जे ठाण मांडून बसले, ते संध्याकाळीच परतले. तिच्यापुढे कागद ठेवला. चौदा प्रवासी, बटण दाबल्यापासून तिकीट येईपर्यंतची प्रत्येकाची वेळ. नऊ जणांना वीस सेकंदांच्या वर. तिघांनी वैतागून कंडक्टरकडून तिकीट घेतलं. एक बाई अ‍ॅपला काय काय बोलल्या तेही टिपलं होतं, थोडं सौम्य करून.

मंजिरीच्या डोक्यात तिडीक गेली. परीक्षा परवावर आणि ह्यांना आता पेन्सिल सुचतेय!

"तू वेळ कुठून मोजतेस?" त्यांनी शांतपणे विचारलं. "आमच्याकडेही शहाणे होते. गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला अर्धा तास उभी राहिली की तो अर्धा तास वहीत धरायचेच नाहीत. प्रवासी मात्र गाडीतच बसलेला असायचा ना?"

ती चिडूनच लॅपटॉपकडे गेली, आणि मोजणी कुठून सुरू होते ते तिने उघडून पाहिलं. तिचं घड्याळ सुरू व्हायचं ते प्रवाशाचा नंबर लागल्यावर. त्याआधी तो अ‍ॅपमधल्या रांगेत किती ताटकळला, ते कुठेच धरलं नव्हतं. कंटाळून सोडून गेलेले तर मुळी मोजलेच नव्हते.

गुरुवारी तिने घड्याळ थेट बटणापासून सुरू केलं. टीव्हीवर जास्वंद फुलली. बॉस नीरजने लाल आलेख पाहून कपाळाला हात लावला. म्हणाला, मंजिरीजी, उद्या जुनंच दाखवू यार, दुरुस्ती मागाहून करू, कोण बघतंय?

तिला भीती वाटत होती, अगदी खरी. नोकरी हवी होती. शुक्रवारी सकाळी तिने जुना आलेख उघडला. समोर अच्युतराव निमूट चहात साखर ढवळत बसले होते. एक अक्षर बोलतील तर शपथ. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. जुना आलेख बंद करून ती लाल घेऊन गेली.

संताजीरावांनी लाल आलेख वरपासून खालपर्यंत वाचला. नीरजने तर मान खालीच घातली होती.

"तीन कंपन्या हिरवं दाखवून गेल्या," संताजीराव म्हणाले. "माझे कंडक्टर सांगतात त्याच्याशी जुळणारं घड्याळ हे पहिलंच."

करार टिकला. महिन्याभरात रांग हटवा, एवढीच अट. मग त्यांनी विचारलं, हे पहिल्यांदा मोजलं कुणी? मंजिरीने खरं ते सांगितलं.

सोमवारी अकरा वाजता कंपनीचं नेमणुकीचं पाकीट घरी आलं. मंजिरीने घाईघाईने फोडलं. आत नाव अच्युतरावांचं! संताजीरावांच्या आग्रहावरून दर बुधवारी स्टँडवर वेळा टिपायचं काम त्यांना दिलं होतं. मंजिरीचं तोंड एवढंसं झालं.

तिचं पाकीट आलं चारला. अच्युतरावांनी कानावरची पेन्सिल काढून त्यावर लिहिलं: सूनबाईंची नोकरी, पाच तास लेट, आउटरला उभी होती.

त्या दिवशी चहात साखर बरोबर होती.