माझंही

पडदा शिवून घ्यायची कल्पना माझ्या होणाऱ्या नवऱ्याची. फाडणाराही तोच होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी माझ्या चारित्र्याची काळजी वाहायला नको.

त्याचं म्हणणं सरळ होतं. लग्नानंतरच्या सकाळी आई चादर बघणार. थोरल्या सुनेची बघितली होती, ती कोरी निघाली आणि ती बिचारी अजून टोमणे खातेय. "आईच्या समाधानासाठी गं. छोटंसं तर ऑपरेशन!" छोटंसं म्हणे. स्वतःला साधं इंजेक्शन घ्यायचं तर हा डोळे मिटून घेतो.

मी हॉटेलांच्या लॉन्ड्रीत डागांच्या टेबलावर काम करते. चहा, शाई, लिपस्टिक, रक्त, सगळं माझ्या हातून जातं. रक्ताला थंड पाणी लागतं, गरम घातलं की डाग कायमचा बसतो. दिवसभर लोकांच्या चादरींवरचं रक्त काढायचं आणि स्वतःच्या चादरीवर पडावं म्हणून टाके घालून घ्यायचे! डोकं फिरायचीच पाळी होती. पण बाबांनी बजावलं होतं, हे लग्न मोडलंस तर या घराचं दार तुला बंद. म्हणून मुकाट्यानं दवाखान्यात गेले.

बाकावर शेजारी एका शाळेत शिकवणारी बाई बसली होती. "मी चादरीसाठी आलेय," मी चिडून बोलून गेले.

"मी भावांसाठी," ती म्हणाली. बहीण कुमारी आहे, असा भावांनी नवऱ्या मुलाकडच्यांना शब्द दिला होता. तो खोटा पडला तर ते तिला जिवंत ठेवणार नव्हते. बसची वेळ सांगावी इतक्या शांतपणे तिनं हे सांगितलं. तिला मी कुठल्या तोंडानं शहाणपण शिकवणार? तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि विचारलं, "होणाऱ्या नवऱ्याला माहीत आहे?"

"बाहेर बसलाय. त्याचाच प्रताप आहे."

त्यांना आधी हसू आलं, मग राग. "पडदा बघून कुणालाच काही सांगता येत नाही, मलासुद्धा नाही. पहिल्या वेळी कित्येकींना रक्त येतच नाही. आणि टाके घालून येईलच, अशी हमी मी देणार नाही. एवढीच हौस असेल तर त्याला म्हणावं, स्वतःचं बोट टोच."

मी उड्या मारतच बाहेर आले. त्याला जिन्याजवळ ओढून नेलं. "तू फक्त बोट टोच. दोन थेंब. आई खूश, आपण मोकळे!"

त्याचा चेहरा पडला. "तसं नको. ऑपरेशनच कर. आईचं समाधान होईल. माझंही."

"तुझंही?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तूच होतास ना?"

तो फरशीकडे बघत राहिला. "त्या दिवशी काहीच आलं नव्हतं. मी बोललो का कधी? गिळलंच ना सगळं? निदान एकदा तरी मला पहिला असल्यासारखं वाटू दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर हा माझ्यासोबत हसला, फिरला, आणि मनात माझ्या मागे कुणीतरी परका उभा करून ठेवला होता. खोट्या टाक्यांनी तो परका जाणार होता म्हणे!

मी त्याच्या आईला फोन लावला. बाबांचं दार आता बंद होणार हे मला पक्कं माहीत होतं, तरी बोलले. "काकू, माझी चादर बघायचीय ना तुम्हाला? बघून झालीय की. मागच्या वर्षी तुम्ही बहिणीकडे गेला होतात, तेव्हा तुमच्याच पलंगावर होती. कोरी निघाली. मीच नीट करून ठेवली, रात्री तुम्ही तिच्यावरच झोपलात."

तो भिंतीला टेकला. पलीकडून काकूंचा आवाज चढला.

"कोण होता?"

"तुमचाच मुलगा. दुसरा कधीच कुणी नव्हता."

"मुलग्याचं काय गं! तू हो म्हणालीसच कशी? थांब, तुझ्या बापालाच फोन करते."

"करा," मी म्हणाले. "म्हणावं, तिचे कपडे भरून दारात ठेवा. ती न्यायला येतेय."