शिवदासने लिहिलेला भाग

"सही कुठं करू तेवढं दाखव, पोरी," चष्मा पुसत द्रौपदीबाई म्हणाल्या.

सौरभने कागद पुढे सरकवला. गार्गीने त्यावर हात ठेवला. "काकू, आधी ऐका तरी."

मुलुंडच्या या घरात ती दोघं याआधी आली होती ती शिवदासच्या शोकसभेला. शिवदास आणि या दोघांनी मिळून एक डेटाबेस बांधला होता. नाल्याची पातळी, शीतगृहाचं तापमान, विजेचे मीटर, असं वेळेगणिक जे बदलतं त्याच्या नोंदी साठवणारा. कोणीही न्यावा, वापरावा, असा खुला. आता एक बडी परदेशी कंपनी तोच भाड्याने देत होती आणि अंधेरीतल्या यांच्या छोट्या कंपनीचे ग्राहक तिकडे चालले होते. पुढच्या आवृत्तीपासून वापराच्या अटी बदलायच्या, तर कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. शिवदासच्या वतीने त्याच्या आईची, द्रौपदीबाईंची.

"त्यानं नक्की काय केलं होतं गं? मला म्हणायचा, आई, तुला नाही कळायचं."

"दूधवाला कसं, रोज एक लिटर, एक लिटर असं लिहीत नाही. कमीजास्त झालं तरच लिहितो. शिवदासने आमच्या नोंदींचं तसं केलं. दहा कपाटांचा माल एका कपाटात."

"घरचं कपाट कधी आवरलं नाही मेल्यानं," बाई हसल्या. मग म्हणाल्या, "नाव राहील ना त्याचं?"

"राहणारच," सौरभ म्हणाला. "सही केलीत की झालं."

"नाव राहील," गार्गी म्हणाली, "पण आजवर कोणीही न विचारता न्यायचं, तसं पुढे नसेल. धंद्यासाठी आमची परवानगी लागेल."

"गार्गी, यार..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्याला चाललं असतं?"

"आज असता तर चाललं असतं, काकू. पोरांचे पगार..."

"तुला नाही विचारत रे. ही सांगेल."

"एकदा विषय निघाला होता," गार्गी म्हणाली. "तो नाही म्हणाला होता."

"मग मी कशी हो म्हणू? नाही केली सही तर?"

"तर त्याने लिहिलेलं काढून टाकावं लागेल. नव्याने लिहू. जुनी आवृत्ती राहील बाहेर, सगळ्यांना खुली. पण आमच्यात त्याचं काही नसेल."

बाईंनी कागद परत सरकवला. "काढा मग," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

जिन्यात सौरभ म्हणाला, "वाट लावलीस. तू बोलली नसतीस तर सही करत होत्या त्या."

"म्हणूनच बोलले."

नवा भाग गार्गीनेच लिहायला घेतला. शिवदासची नक्कल होता कामा नये, म्हणून त्याचा कोड ती उघडत नव्हती. पण तो तिला पाठ होता. त्याने जे एका ओळीत केलं होतं, ते ती मुद्दाम लांबच्या वाटेने लिहायची. प्रत्येक वेळी त्याची ओळ आधी आठवायची, मग ती टाळायची.

एका दुपारी सगळ्या चाचण्या पास झाल्या. तिने त्याची फाइल काढून टाकली.

सौरभ खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "झकास. पण आधीपेक्षा हळू चालतंय ना?"

"हो," ती म्हणाली. "चालू दे."