दोरावर लटकून दिलेली परीक्षा

मी उभा पियानो बोलतोय. उभा ही आमची जात. पण ज्या सकाळची गोष्ट सांगतोय, त्या सकाळी मी उभाही नव्हतो आणि आडवाही नव्हतो. कैरोतल्या शुब्रा भागातल्या एका गल्लीत मी दोरावर लटकत होतो आणि गरगर फिरत होतो. या वयात, बोला.

जन्म माझा थंड मुलखातला. जहाजातून अलेक्झांड्रियाला उतरलो तेव्हा अंगावर अशी चकाकी, की बायका माझ्यात बघून केस सारखे करायच्या. पुढं एका शाळेत मुलींनी मला मनसोक्त बडवलं आणि मग कैरोतल्या लग्नाच्या हॉलमध्ये माझी वर्णी लागली. तिथं डोक्यावर चहाचे पेले आले. पोटात मांजरीनं पिल्लं घातली. माझी तक्रार नव्हती. रोज लग्न, रोज नाच, आणखी काय हवं असतं?

हॉल बंद पडला तेव्हा इनायातबाई मला न्यायला आल्या. त्यांच्या लग्नात मीच वाजलो होतो. त्यांची शहीरा नऊ वर्षांची. पाव ठेवायचं खजुराच्या काड्यांचं तबक मांडीवर घ्यायची, काड्यांवर बोटं नाचवायची आणि सूर तोंडानं काढायची. त्यांच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम अराक्सींनी जन्मभर पियानो शिकवलेला. तिला शिकवायला त्या तयार होत्या, पण घरात खरा पियानो हवा, ही अट. विजेवर वाजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीवर बोटं लुळी होतात म्हणायच्या.

शहीराच्या बाबांना, वगीहना, नेमकी तीच प्लॅस्टिकची पेटी हवी होती. "कानाला हेडफोन लावला की घर शांत," ते म्हणाले. "या जुन्या धुडानं पोरीचा कान बिघडायचा. मादामनी नापास केलं तर आल्या पावली परत, सांगून ठेवतो."

त्यांचं घर चौथ्या मजल्यावर आणि जिन्यात मी मावेना. म्हणून मुकादम बयूमीनं गच्चीवर कप्पी बांधली. नवरीचं कपाट, पलंग इथं असंच वर चढतं. "हेला होप, हेला होप" करत मी निघालो आणि मादामच्या बाल्कनीसमोरच दोर अडकला.

गल्लीला काय, फुकटचा तमाशा. बाल्कन्या भरल्या.

"माझ्या मावसभावानं घेतला होता असला. आत नुसती वाळवी."

"बयूमी, पियानो चढवतोयस की म्हैस?"

"म्हैस परवडली, बाई. निदान स्वतः पाय तरी हलवते."

मी फिरतोय, गल्ली फिरतेय, खाली उसाचा रस विकणारे शहाताकाका फिरतायत. मला हसू आवरेना, तारा आतल्या आत किणकिणत होत्या. एवढ्यात मादाम घरच्या झग्यातच बाहेर आल्या आणि चष्मा चढवला.

"दाराशी आलाच आहे, तर बघूनच घेते," त्या म्हणाल्या. हमालांनी दोर ताणून मला कठड्याला टेकवून धरलं.

त्यांनी झाकण उघडलं. एकेक पट्टी दाबायची, ती नीट खाली जाते का, झटकन वर येते का, सगळ्या सारख्याच जड आहेत का, बघायचं. मला तर गुदगुल्या होत होत्या. मग सावकाश सा, रे… गंधाराशी हात थांबला. ना कोमल, ना शुद्ध. दोघांच्या बरोबर मध्ये.

"ऐकलंत?" वरून वगीह म्हणाले. "बेसूर. बयूमी, उतरव खाली."

माझी सगळी मस्ती उतरली. वरच्या कठड्याच्या गजांतून शहीराचा चेहरा दिसत होता. "बाबा, थांबा ना," ती म्हणाली, पण इतक्या हळू की मलाच ऐकू आलं. मला ओरडावंसं वाटलं. पण कुणी पट्टी दाबल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

तेवढ्यात खालून शहाताकाकांनी डोळे मिटून दाद दिली, "अल्लाह. हा तर सीका, आपल्या गाण्यातला मधला सूर. मादाम, पुन्हा वाजवा."

मादामनी पुन्हा वाजवला. मग खालच्या सप्तकातला, मग वरचा. आणि हसल्या.

"वगीह, हा बेसूर नाही. लग्नात ऊदाच्या तारा छेडणाऱ्यांशी जुळावा म्हणून कुणीतरी मुद्दाम उतरवलाय. या सुराला तीन तारा असतात. तिन्ही सारख्याच उतरल्यात आणि इतकी वर्षं, ट्रकचे धक्के खाऊन, हवेत लोंबकळूनही एकमेकींना धरून आहेत. खुंट्या ढिल्या असत्या तर तिघी तीन वाटांना गेल्या असत्या."

"म्हणजे पास?"

"पोटानं ठणठणीत आहे. गंधार वर चढवून घ्या आणि पोरीला उद्यापासून पाठवा."

"सगळे चढवायचे?" शहीरानं विचारलं.

मादामनी खाली शहाताकाकांकडे पाहिलं. "वरचा एक राहू दे."

वगीह कठड्यावरून खाली वाकले. मग म्हणाले, "बयूमी, बघतोस काय? ओढ की." सगळी गल्ली "हेला होप" ओरडली, अडकलेला दोर मोकळा झाला आणि मी गिरक्या घेत चौथ्या मजल्यावर पोहोचलो.

आता मी दिवाणखान्यात असतो, उन्हापासून लांब. डोक्यावर चहाचे पेले आलेच. तुमच्याही घरी लेकरू शिकायचं म्हणत असेल, तर आमच्या वयावर जाऊ नका. झाकण उघडा, पट्ट्या दाबा, जाणकाराला खुंट्या दाखवा. आतून खिळखिळा निघालो तर खुशाल परत पाठवा.

शहीराचा धडा रोज सरळ सुरांत होतो. उठताना मात्र ती हात लांब करून वरचा तो एक गंधार हळूच दाबते. मग घर शांत हवं असणारे वगीह पेपरामागून म्हणतात, "अल्लाह. पुन्हा, बेटा."