जळगावकरांची चौकशी

"पुष्पे, तुला फीट येते ती जेवणाआधी का जेवणानंतर?"

प्रश्न झुंबरनं विचारला, पण तो होता सगळ्या वर्गाचा. चमेलीनं तो सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच जुळवला होता, आणि झुंबर सगळ्यांदेखत विचारणार नाही अशी पैज लावली होती. झुंबरला असं म्हणणं म्हणजे आधीच धावणाऱ्या घोडीला टाच मारणं. तिनं नुसता विचारलाच नाही, तर पदराखालून एक भला मोठा कांदा काढला आणि शेला-पागोटं द्यावं तशा थाटात पुष्पाच्या मांडीवर ठेवला. फीट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा धरतात हे वर्गाला सांगावं लागत नव्हतं. हसून हसून मोगराच्या हातातले मुरमुरे सांडले.

निरोपाचा दिवस होता. धुळ्याच्या मुलींच्या शाळेतल्या इंग्रजी सातवीच्या नऊ मुली मागच्या पडवीत बसल्या होत्या. मधे वर्तमानपत्रावर शेव-मुरमुऱ्यांचा ढीग. मास्तरीणबाई हेडबाईंच्या खोलीत चहा घेत होत्या. मॅट्रिकची परीक्षा एकोणीस दिवसांवर आली होती, पण आज पुस्तकाला हात लावायचा नाही, आज फक्त आठवणी काढायच्या असं ठरलं होतं.

आणि आठवणी काय एकेक होत्या. शिवणाच्या बाईंचा चष्मा लपवला, आणि त्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, ती एक. मोगरा खेड्यातून नवी नवी आली तेव्हा झुंबरनं तिला सांगितलं होतं, "शहरात इंग्रजीच्या तासाला बांगड्या काढून बसतात गं, आवाज होतो ना." बिचारी रोज बांगड्या उतरवून बसायची. एक दिवस तशीच मोकळ्या हातांनी घरी गेली, आणि आजीनं तिला चुलीतल्या लाकडानं बडवलं. आज ही गोष्ट मोगरानं स्वतःच सांगितली, सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. झुंबरच्या वर्गात टिकायचं तर हे शिकावंच लागे.

झुंबर सरकी काढायच्या गिरणीतल्या, जिनातल्या तोलाऱ्याची मुलगी. पंडित पाटील, तिचे आबा, दिवसभर कापसाच्या गासड्या काट्यावर चढवायचे. त्यांच्या भावकीत चौथीपुढे एकही पोर गेलेली नव्हती. म्हणून झुंबरला मॅट्रिक व्हायचं होतं, नुसतं व्हायचं नाही तर पुण्याला कॉलेजात जायचं होतं. मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही असा शब्द तिनं आबांकडून तुळशीपुढे घेतला होता. वर्गातल्या बाकीच्यांना घरी विचारत कोण होतं? झुंबरला विचारत होते. त्या गुर्मीत ती सात वर्षं बोलत आली होती.

पण आठवणींतली राणी म्हणजे जळगावकरांची चौकशी. दोन वर्षांपूर्वीची, इंग्रजी पाचवीतली.

सोयरीक जुळवताना मुलीच्या घरचे गोडच सांगणार, म्हणून मुलाकडच्या बायका शाळेच्या फाटकाशी येतात आणि मैत्रिणींना गाठून विचारतात. तशा जळगावहून शालिग्राम पाटलांच्या घरच्या दोघी आल्या होत्या, मुलाची आई प्रमिलाबाई आणि तिची जाऊ. मुलगा अभिमन. घर एवढं मोठं की त्यांच्या गड्यांनासुद्धा गडी होते म्हणत. त्यांना पुष्पाची चौकशी करायची होती, आणि गाठ पडली पेरू खात उभ्या असलेल्या झुंबरशी.

"पुष्पा ना? फार चांगली मुलगी," झुंबर म्हणाली होती. "फक्त फीट आली की सांभाळावं लागतं. आम्ही वर्गात कांदा ठेवतो."

शिवरात्रीच्या उपासानं पुष्पा एकदा कवायतीत चक्कर येऊन पडली होती. सगळं भांडवल तेवढंच. दोघी बायका एकमेकींकडे पाहून आल्या पावली परत गेल्या. मुलगी बघितलीसुद्धा नाही. गोष्ट अमळनेरला गेली, चाळीसगावला गेली, आणि पुष्पाच्या दारी पुन्हा कुणी पाहुणा आला नाही. वर्गाला हे कळलं तेव्हा वर्ग दोन दिवस हसत होता. पुढे पुष्पाच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला एक नाण्याएवढी गोल काळपट खूण दिसायला लागली, तेव्हा झुंबरनंच तिचं नाव 'राणीछाप' ठेवलं. त्याच सहामाहीत पुष्पाचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं झालं, तिचा पहिला नंबर गेला आणि तो झुंबरला मिळाला. बक्षीस म्हणून मिळालेली टाकाची दौत अजून झुंबरच्या कोनाड्यात होती.

गंमत ही की फिटेची गोष्ट कुणी उठवली, हे पुष्पानं कधी विचारलंच नाही. दोन वर्षं वर्गाच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या त्या यामुळे.

आता तिनं मांडीवरचा कांदा उचलला, उलटसुलट पाहिला, फरशीवर ठेवला आणि बुक्की मारून फोडला. टरफलं बाजूला केली. पाकळ्या मुरमुऱ्यांवर टाकल्या.

"जेवणाबरोबर," ती म्हणाली. "घ्या ना. गोड दिसतोय."

दोघीतिघींनी पाकळ्या उचलल्या. झुंबरला ते आवडलं नाही. प्रश्न आपला, आणि टाळी दुसरीला?

"अगं पण खरंच सांग," ती म्हणाली. "आता काय, आजचा दिवस. जळगावकरांना कुणी सांगितलं ते तुला ठाऊकच नाही ना?"

"पेरू खाणाऱ्या मुलीनं सांगितलं," पुष्पा म्हणाली. "लाल रिबिनी होत्या, पुढचा एक दात वाकडा होता. प्रमिलाबाईंनी निरोपातच कळवलं होतं. तुमच्या मुलीच्या वर्गातलीच सांगते म्हणून."

झुंबरची जीभ आपोआप त्या दातावर गेली.

पुष्पा बोलत होती ती पोथी वाचावी तशी, खाली बघत, मधेच एखादा मुरमुरा तोंडात टाकत. तिचे वडील हिलालभाऊ, टपाल कचेरीत कामाला. निरोप आल्यावर आठ दिवस ते जेवले नाहीत. तुला फेफरं आहे हे निदान माझ्यापुढे तरी कबूल कर म्हणून तिच्यापुढे बसायचे. मग कुणीतरी सांगितलं, शिरपूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा डाग देतो, हमखास उतरतं. त्यानं तांब्याचा पैसा चिमट्यात धरून लाल केला. काकांनी तिचे खांदे धरले, वडिलांनी हात.

"उजवाच का?" मोगरानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तोच त्यांच्या हाताशी आला. मला तरी कुठं सुचलं. नाहीतर डावा पुढे केला असता."

चमेली उगाच वेणीचं टोक सोडवत बसली. राणीछाप हे नाव सगळ्यांना आठवलं असणार, पण ते उच्चारायची पैज आज कुणी कुणाशी लावली नाही.

"दुखलं का गं फार?" झुंबरनं विचारलं. हा प्रश्न मात्र तिला कुणी पढवलेला नव्हता. तो निघून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"तीन दिवस. चौथ्या दिवशी भूक लागली." पुष्पानं खांदे उडवले. "पण एक सांगू? बरंच झालं. जळगावकर हो म्हणाले असते तर मी पाचवीतच त्यांच्या चुलीपुढे बसले असते. वडील म्हणाले, हिला आता कोण नेणार, शिकू दे, मास्तरीण तरी होईल. दोन वर्षं एक पाहुणा नाही, एक पोह्यांची बशी नाही. मी काही फीट येत नाही म्हणून कुणाला सांगायला गेले नाही. कधी कुणी विसरतंय असं वाटलं की अंगणात जरा डोळे फिरवायचे."

"म्हणजे आमच्या झुंबरनं तुझं भलंच केलं म्हण," चमेली म्हणाली. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. झुंबरनं तर मान वर केली. तिला माफीबिफी मागायची नव्हतीच. आता गरजही उरली नव्हती.

"केलं ना," पुष्पा म्हणाली. "म्हणून तर मी परत केलं."

"काय परत केलं?"

"गेल्या मंगळवारी त्या दोघी परत आल्या होत्या. अजून तशाच आहेत, प्रमिलाबाई थोड्या सुटल्यात. अभिमनचं अजून कुठं जमलं नाही. फाटकाशी मीच होते. त्यांनी मला ओळखलं नाही, मला कुठं त्यांनी पाहिलं होतं? म्हणाल्या, पंडित तोलाऱ्याची झुंबर कशी आहे हो?"



"काय सांगितलंस?" झुंबर म्हणाली.

"चांगलं सांगितलं. तोंडातून शब्द निघत नाही म्हटलं, मान वर नाही की डोळा वर नाही. पहाटे चारला उठून जात्यावर बसते. शाळेत आपली वडिलांच्या हट्टानं येते, स्वतःला काही गोडी नाही, चांगलं घर मिळालं तर परीक्षेलासुद्धा थांबणार नाही." पुष्पानं कांद्याची शेवटची पाकळी उचलली. "त्यांनी विचारलं, काही दुखणंबिखणं? मी म्हटलं, आम्ही सात वर्षं एका वर्गात आहोत, हिला साधी शिंक आलेली पाहिली नाही."

पहिली हसली ती मोगरा. मग चमेली. मग सगळ्या सातजणी, खांब धरून, एकमेकींच्या अंगावर पडून. "झुंबर आणि मान वर नाही," चमेलीला पुढचं बोलता येईना. सात वर्षं झुंबरनं ज्या हसण्यावर राज्य केलं, ते हसणं हेच होतं, एका सुरानंही कमी नाही. फक्त आज ती त्याच्या समोर उभी होती. समोरून ते वेगळंच ऐकू येत होतं.

"खोटारडी," ती म्हणाली. "माझ्या आबांनी शब्द दिलाय मला."

"मग कशाला घाबरतेस?" पुष्पा म्हणाली.

झुंबर निरोपाच्या भाषणांना थांबली नाही. पाटी-दप्तर तसंच टाकून ती जिनाच्या रस्त्यानं सुटली. कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, गाडीवान ओळखीचे होते, कुणी हाक मारली तर तिनं पाहिलं नाही. आबांचा शब्द तिला पाठ होता. तुळशीपुढचा शब्द. आणि त्या शब्दाला टाचेखाली घालायला जळगावचं घर पुरेल का, एवढंच ती मोजत होती.

दारात अनोळखी जोड्यांचे धुळीतले ठसे होते. आत पितळी ताटात नारळ, हळदकुंकू, आणि दुभंगलेली सुपारी. आबा नवी टोपी घालून पाटावर बसले होते. कामाच्या दिवशी दुपारी ते घरी असणं हेच आक्रीत होतं.

"उनी का व बाई? बस आठे," माय म्हणाली आणि तिच्या तोंडात पेढा कोंबायला लागली. "सुपारी फुटनी तुन्ही."

"जयगावना शालिग्राम पाटील," आबा म्हणाले. त्यांना ते नाव दोनदा उच्चारावंसं वाटत होतं. "सोता उनात. आपला दारमा. तुन्हा वर्गमानी कोनी एक पोर शे, तिनी तुन्हं एवढं चांगलं सांगं, बठ्ठी मानसं खूश व्हयी गयात, पोर दखानं बी काम पडनं नही."

"लग्न कधी?"

तारीख ऐकून झुंबरनं बोटं मोजली. दुसरा पेपर. गणिताचा.

"आबा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिना व्हता." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते रागावले नाहीत, हेच वाईट होतं. "पन आसं घर दुसरांदाव येस नही, पोरी. मी जलमभर दुसरास्ना कापूस तोली राहिनू. परीक्षा काय, कागदच शे."

माय म्हणाली, आता शाळेत जायचं नाही, उन्हानं रंग उतरतो. म्हणाली, जळगावच्या घरी पाच म्हशी आहेत, चारला उठायची तुला सवयच आहे म्हणे. आणि स्वतःच जरा थांबली, कारण झुंबर चारला उठल्याचं तिनं तरी कधी पाहिलं नव्हतं. पण तेही तिनं पेढ्याबरोबर गिळलं.

झुंबर ताटापाशी बसली. रडावं असं तिला वाटलं, पण रडणाऱ्या मुलींचं काय होतं ते तिनं सात वर्षं स्वतःच करून पाहिलेलं होतं. कोनाड्यात ती बक्षिसाची दौत होती. भाजलेल्या हाताच्या मुलीकडून जिंकलेली. तिनं तिकडे बराच वेळ पाहिलं. मग उठली, शिंक्यातून एक कांदा काढला आणि नारळाशेजारी ताटात ठेवला. रागावली की ती घरातसुद्धा शाळेची मराठी बोलायची.

"आबा, माय, मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळपासून मला फीट येणार आहे. आधी अंगणात, मग विहिरीवर, चार बायका असतील तेव्हा. जळगावला तुम्ही कळवा, नाहीतर मी बोहल्यावर पडेन. आणि शिरपूरच्या म्हाताऱ्याकडे न्यायचं असेल तर परवाच न्या, तीन दिवस लागतात दुखायचं थांबायला. फक्त डाग डाव्या हातावर द्यायला सांगा. उजव्यानं मला पेपर लिहायचे आहेत."