सहावी जागा

चष्मेवाल्याने अभयारण्याच्या सहलीचा बेत इतका काटेकोर आखला होता, की फक्त जनावरांना कळवायचं तेवढं राहिलं होतं. पहाटेची उघडी जीप, सहा जागा, दुर्बिणी, मातकट रंगाचे कपडे, सगळं महिनाभर आधी ठरलं. तो, बायको, दोन मुली आणि फोटोंचं वेड असलेला मेव्हणा, असे पाच जण झाले. सहाव्या जागेवर त्याने मेव्हण्याच्या कॅमेऱ्याची बॅग बसवली.

घरात सहावं माणूस नव्हतं असं नाही. बाबा होते. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले आणि आवाज चढला. 'मीठ दे' म्हणाले तरी शेजारचे दार उघडून बघत. त्या खडखडाटाच्या जिवावर आपण शिकलो, हे चष्मेवाल्याला चांगलं ठाऊक होतं. पण मेव्हणा म्हणाला होता, "जंगलात कुजबुजलं तरी प्राणी पळतात हं." तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बाबाच आले, जीपमध्ये उभे राहून "कुठंय? मला दिसत नाही!" म्हणून ओरडणारे, आणि शेजारी तोंड वाकडं करून बसलेला मेव्हणा.

मग पठ्ठ्याने चक्क थाप मारली. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: सत्तरीच्या पुढच्यांना उघड्या जीपमध्ये बसता येत नाही.

"नियम म्हणजे नियम!" बाबा गरजले आणि नातींच्या दुर्बिणी पुसायला बसले.

चार दिवसांनी सकाळी तो दुकानात एका बाईंच्या चष्म्याचा स्क्रू बसवत असताना अभयारण्याच्या आरक्षण कार्यालयातून फोन आला.

"यादी पक्की करतोय," कारकून म्हणाला. "पाचच नावं ना? आजोबांचं घालायचं नाही?"

"कोणते आजोबा?"

"परवा फोन केला होता त्यांनी. तुमचं नाव सांगून विचारत होते, वयाच्या अटीत काही सूट मिळेल का. ऐकू कमी येतं वाटतं, चार वेळा ओरडून सांगितलं मी, आजोबा, वयाची अटच नाही. नव्वदीचेही येतात."

"मग?"

"मग म्हणाले, मुलाने विचारलं तर अट आहे असंच सांगा, नाहीतर त्याला वाईट वाटेल. आता साहेब, आमचे नियम छापील आहेत. मी खोटं कसं बोलू?"

परवा संध्याकाळीच बाबा आपणहून येऊन चष्मेवाल्याला सांगून गेले होते, "मी चौकशी केली रे, तुझं बरोबर आहे! बरंच झालं, माझी कंबरही दुखतेय!" आणि ते ऐकून त्याला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं आठवलं तशी त्याला स्वतःची किळस आली. समोरच्या बाई चष्म्यासाठी हात पुढे करून थांबल्या होत्या, आणि त्याला मान वर करवेना.

"सहा लिहा," तो कसाबसा म्हणाला. बाईंचा चष्मा देऊन त्याने भर सकाळी दुकान बंद केलं.

बाबा खिडकीशी बसून धाकट्या नातीच्या मातकट सदऱ्याला बटण लावत होते. तो वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसला. 'बाबा, मी' एवढं लिहिलं आणि हात अडला. पुढचं सगळं मोठ्या अक्षरांत लिहावं लागणार होतं.

बाबांनी ते दोन शब्द वाचले. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"नियम बदलला का रे?" त्यांनी घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

बायको स्वयंपाकघरातून डोकावली. मुली धावत आल्या. खरं सांगायचं असेल तर ते आत्ताच, हे त्याला कळत होतं. त्याने मान हलवली. हो.

"बघा, बदलला! मीपण येणार!" बाबा नातींना ओरडून म्हणाले आणि पोरी नाचायला लागल्या. चष्मेवाल्याने ते पान फाडून खिशात कोंबलं. बाबा त्याच्याकडे बघून हसत होते, पण त्यांच्या नजरेला नजर द्यायची त्याची छाती झाली नाही.